पैशाचा भाव

वरोरा म्हटले की बाहेरगावच्या माणसाला बाबा आमट्यांचे आनंदवन आठवते, आणि ते योग्यच आहे. पण आम्हां गावकऱ्यांना ह्या दिवसांत, म्हणजे दसरा सरून दिवाळी तोंडावर आली की, आणखी एक गोष्ट आठवते. ती म्हणजे कापूस. शेतात पहिला वेचा सुरू व्हायचा असतो. बायका सीतादही करतात. दही-भाताचा नैवेद्य काळ्या मातीला दाखवून मगच बोंडाला हात लावतात. पुढे पंधरा दिवसांत जिनिंगच्या फाटकाशी रांग लागते. पूर्वी बैलबंड्यांची लागे, आता ट्रॅक्टर आणि टेम्पोंची लागते, इतकाच फरक. त्या रांगेत उभे राहून कान दिला तर दोनच भावांची चर्चा ऐकू येते : कापसाचा भाव काय, आणि पैशाचा भाव काय.

‘पैशाचा भाव’ हे शब्द ऐकून कुणी हसेल. पैशाने वस्तूचा भाव करायचा, खुद्द पैशाला कसला भाव? पण पैशालाही भाव असतो. त्यालाच आपण व्याज म्हणतो. आणि कापसाच्या भावासारखाच तोही कधी चढतो, कधी उतरतो. कापसाचा भाव कुठे ठरतो हे आमच्याकडचे शेंबडे पोरही सांगेल. पैशाचा भाव कुठे ठरतो, हे मात्र मला स्वतःलाच परवापरवापर्यंत धड सांगता येत नव्हते. मी काही अर्थशास्त्राचा पंडित नव्हे. मॅट्रिक झालो, शाळामास्तर झालो, आणि मुलांच्या वह्या तपासून उरलेल्या वेळात चार कादंबऱ्या लिहिल्या. हा लेख लिहायला बसलो तो केवळ एका मुलाच्या प्रश्नामुळे.

२०२५ च्या जूनअखेरची गोष्ट. शाळा नुकतीच उघडली होती. सुटीतल्या वर्तमानपत्रांची कात्रणे जपून ठेवायची आणि पहिल्या आठवड्यात ती मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यायची, असा माझा जुना प्रघात आहे. त्या दिवशीच्या कात्रणात बातमी होती, की ६ जूनला रिझर्व्ह बँकेने आपला रेपो दर अर्ध्या टक्क्याने उतरवून साडेपाचावर आणला. त्याआधी फेब्रुवारीत साडेसहाचा सव्वासहा झाला होता आणि एप्रिलमध्ये सहा. कर्जे स्वस्त होणार, असा बातमीचा मथळा होता. वाचन संपले तेव्हा मागच्या बाकावरचा नववीतला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “सर, रिझर्व्ह बँकेनं व्याज कमी केलं म्हणता. मंग आमच्या बाबाचं काऊन नाही कमी झालं?”

वर्ग हसला. मी हसलो नाही, कारण मला उत्तर येत नव्हते. आणखीही एक कारण होते. ते सांगताना थोडा संकोच वाटतो. माझे व्याज कमी झाले होते. दोन खोल्या बांधण्यासाठी मी बँकेचे कर्ज काढले आहे, आणि त्याचे व्याज ह्या रेपो दराला बांधलेले आहे. दर उतरला, तसा काही दिवसांत माझ्या मोबाइलवर बँकेचा संदेश आला. मी बोटही न हलवता माझा बोजा हलका झाला होता. आणि ज्याच्या कापसावर हे गाव जगते, त्याचा मुलगा मला विचारत होता, आमचा का नाही?

“शोधून सांगतो,” असे म्हणून मी तास संपवला. शोधता शोधता दिवाळी आली. जे सापडले ते इथे मांडतो.

* * *

आधी एक गैरसमज काढून टाकू. बँक ही पैशाची विहीर नव्हे, की दोर सोडला आणि बादली भरून वर आली. लोक आपली शिल्लक तिथे ठेवतात. बँक तिच्यातला मोठा भाग कर्जाऊ देते आणि थोडी रोकड हाताशी ठेवते. एरवी हे सुरळीत चालते. पण कापसाच्या हंगामात काय होते ते पाहा. अडत्याला पैसा हवा, जिनवाल्याला हवा, गाठी मुंबईला पाठवणाऱ्याला हवा. सगळे एकाच महिन्यात बँकेच्या दारात उभे. आणि गेलेली रोकड लगेच परत येत नाही. ती गावोगाव शेतकऱ्याच्या कनवटीला जाते. अशा वेळी बँकेने काय करावे?

आमच्या गावचा किराणा दुकानदार जे करतो तेच. त्याच्या दुकानातला माल संपला की तो नागपूरच्या इतवारीत ठोक व्यापाऱ्याकडे जातो. बँकांचाही एक ठोक व्यापारी असतो. तीच बँकांची बँक, म्हणजे मध्यवर्ती बँक. ती तुम्हा-आम्हाला कर्ज देत नाही, बँकांना देते. ज्या दराने देते त्यावरून बँका आपला दर ठरवतात. ठोक भाव चढला की किरकोळ भाव चढणारच.

आता तारणाचे सांगतो. जुन्या काळी हा सारा व्यवहार हुंडीवर चाले. समजा, वरोऱ्याच्या एखाद्या अडत्याने मुंबईच्या गिऱ्हाइकाला शंभर रुपयांचा कापूस पाठवला आणि तीन महिन्यांच्या मुदतीची हुंडी लिहून घेतली. पैसे तीन महिन्यांनी मिळणार; पण त्याला आज हवेत. तो हुंडी घेऊन बँकेत जातो. बँक वटाव कापून त्याला आजच अठ्ठ्याण्णव रुपये देते आणि हुंडी पेटीत ठेवते. उद्या बँकेलाच रोकड कमी पडली, तर ती हीच हुंडी मध्यवर्ती बँकेकडे नेऊन पुन्हा वटवून घेते. ह्या फेरवटावाच्या दराला बँक दर म्हणतात. रिझर्व्ह बँकेच्या १९३४ च्या कायद्यात बँक दराची व्याख्या अशीच हुंड्यांच्या फेरवटावावर बेतलेली आहे.

इतके समजले की उरलेला इतिहास कथेसारखा वाचता येतो.

* * *

ही कथा आमच्याच मुलखाच्या कापसापासून सुरू होते. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तिथला कापूस विलायतेला जायचा बंद झाला. मँचेस्टरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानाकडे तोंड वळवले. इथून जवळच असलेल्या हिंगणघाटच्या कापसाचे नाव तेव्हा मुंबईच्या बाजारात गाजत होते. रेल्वे नागपुरास पोचायला १८६७ साल उजाडायचे होते. तोवर कापूस बंड्यांवरून आणि बैलांच्या पाठीवरून जाई. मुंबईत मात्र सोन्याचा धूर निघू लागला. रोज नवी कंपनी, रोज नवी पेढी. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्यांचे भाग दर्शनी किमतीच्या कितीतरी पटीने विकले जाऊ लागले. प्रेमचंद रायचंद ह्यांच्या शब्दावर बाजार उठे आणि बसे.

त्या वेळी मुंबईची सर्वांत प्रतिष्ठित बँक म्हणजे १८४० साली स्थापन झालेली बँक ऑफ बॉम्बे. सरकारचेही तिच्यात भांडवल होते. तिने हेच कंपन्यांचे भाग तारण धरून कर्जे दिली. १८६५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतले युद्ध संपल्याची बातमी आली, कापसाचा भाव कोसळला, आणि त्याबरोबर ते तारण रद्दीच्या किमतीचे झाले. बँक काही काळ तग धरून होती; १८६८ मध्ये तिला गाशा गुंडाळावा लागला. त्याच साली त्याच नावाची नवी बँक उभी राहिली, पण जुनीच्या भागधारकांचे जे गेले ते गेले.

ह्या धामधुमीत मुंबईच्या बँकांना जाण्यासाठी वरचे दार नव्हते. १८६१ च्या कायद्याने नोटा काढण्याचा हक्क सरकारने स्वतःकडे घेतला होता. नोटा सरकारच्या आणि कर्जे बँकांची. अडचणीच्या वेळी बँकांना नोटा पुरवील असा तिसरा कुणी नव्हता.

गंमत अशी, की त्याच सुमारास लंडनवरही असाच प्रसंग गुदरला. १० मे १८६६ रोजी ओव्हरेंड-गर्नी ही तिथली अतिशय मोठी पेढी बुडाली आणि दुसऱ्या दिवशी लोक बँकांवर तुटून पडले. पण तिथे १६९४ साली स्थापन झालेली बँक ऑफ इंग्लंड होती. तिने आपला दर दहा टक्क्यांपर्यंत चढवला, आणि त्या दराने चांगल्या तारणावर मागेल त्याला कर्ज दिले. गर्नीची पेढी तिने वाचवली नाही. ती आतूनच पोखरलेली होती. जी घरे भक्कम होती, पण ज्यांना केवळ रोकड अपुरी पडत होती, त्यांना तिने आधार दिला. पुढे १८७३ साली वॉल्टर बॅजट ह्या पत्रपंडिताने ‘लोम्बार्ड स्ट्रीट’ नावाच्या ग्रंथात ह्याच अनुभवाचे सूत्र मांडले : भीतीच्या वेळी मध्यवर्ती बँकेने सढळ हाताने कर्ज द्यावे, पण व्याज जबर घ्यावे आणि तारण चोख घ्यावे. व्याज जबर असले की गरज नसलेला माणूस रांगेत उभा राहत नाही, आणि तारण चोख असले की बुडणारा आपल्याबरोबर दुसऱ्याला ओढत नाही. आजही जगभरच्या मध्यवर्ती बँका संकटकाळी ह्याच सूत्राचा आधार घेतात.

* * *

आमच्या वरोऱ्याकडे परत येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारने इथे कोळशाची खाण चालवली आणि त्या कोळशासाठी वर्धेहून आगगाडी आली. १९०६ साली खाण बंद पडली. पण आगगाडी राहिली, आणि कोळशाच्या जागी कापसाच्या गाठी जाऊ लागल्या. आगगाडीबरोबर मुंबईच्या पैशाची भरती-ओहोटीही इथवर पोचली. पेरणी झाली की पैसा मंद. दिवाळीपासून होळीपर्यंत पैसा महाग. सराफ आणि पेढीवाले हंगामात व्याज चढवत, पावसाळ्यात उतरवत.

ह्यात शेतकऱ्याचे मरण कसे होते ते लक्षात घ्या. त्याचा कापूस बाजारात येई तो नेमका पैसा सर्वांत महाग असताना. अडत्याला महाग पैसा घेऊन खरेदी करावी लागे. ती महागाई तो स्वतः सोसत नसे, कापसाच्या भावातून कापून घेई. माझे आजोबा सांगत, की कापूस घरात ठेवून दोन महिने थांबता आले असते तर चार पैसे जास्त मिळाले असते. पण थांबणार कशाच्या जोरावर? सावकाराचे सवाई-दिढीचे देणे उंबऱ्यावर बसलेले असे. थांबण्यालाही पैसा लागतो, आणि तो त्याच्याकडे नसे.

१९२१ साली मुंबई, बंगाल आणि मद्रास ह्या तीन इलाख्यांच्या बँका एकत्र होऊन इंपीरियल बँक झाली. हंगामाची नड भागवण्यासाठी तिला सरकारच्या कागदी चलनातून हुंड्यांच्या तारणावर काही कोटींचे कर्ज मिळण्याची सोय झाली. पुढे तिची मर्यादा १२ कोटी होती. ही एका परीने आजच्या व्यवस्थेची बाल्यावस्थाच. पण दोष मूळचाच राहिला होता : चलनाची चावी सरकारच्या हाती आणि पतपुरवठ्याची चावी इंपीरियल बँकेच्या हाती. एका कुलपाला दोन किल्ल्या, आणि दोन मालक. १९२५ साली नेमलेल्या हिल्टन यंग आयोगाने पुढच्याच वर्षी हे दुखणे ओळखून वेगळी मध्यवर्ती बँक काढावी असे सांगितले. ह्याच आयोगापुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साक्ष दिली होती. ‘रुपयाचा प्रश्न’ हा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९२३ सालीच प्रसिद्ध झालेला होता. पहिले विधेयक बारगळले, १९३४ साली कायदा झाला, आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँकेचे दार उघडले.

तिचा पहिला बँक दर साडेतीन टक्के होता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तो तीन झाला, आणि पुढे सोळा वर्षे तीनच राहिला. युद्ध आले, बंगालचा दुष्काळ आला, स्वातंत्र्य आले, फाळणी झाली. दर जागचा हलला नाही. ह्याचे कारण बँका त्या दाराशी फारशा जातच नव्हत्या. रोकड हवी असली की सरकारी रोखे रिझर्व्ह बँकेला विकून मोकळ्या होत. दर होता, पण दुकानावरच्या जुन्या पाटीसारखा. कुणी वर मान करून वाचत नसे.

ह्या सोळा वर्षांपैकी जवळजवळ सहा वर्षे ह्या बँकेची सूत्रे एका मराठी माणसाच्या हाती होती. रायगडाच्या परिसरात, महाडजवळच्या नाते गावी १८९६ साली जन्मलेले चिंतामणराव देशमुख हे तिचे पहिले भारतीय गव्हर्नर. आम्हांला त्यांचा वेगळा जिव्हाळा वाटतो तो असा, की आयसीएसच्या परीक्षेत पहिले आल्यानंतर त्यांच्या नोकरीची उमेदीची वर्षे मध्यप्रांत-वऱ्हाडात गेली. आमचा चांदा जिल्हा त्याच प्रांतातला. १९४३ च्या ऑगस्टमध्ये ते गव्हर्नर झाले आणि १९४९ च्या मध्यापर्यंत राहिले. त्यांच्याच कारकीर्दीत, १ जानेवारी १९४९ रोजी, रिझर्व्ह बँक राष्ट्राच्या मालकीची झाली. नोटांवर सही करणाऱ्या ह्याच हाताने कालिदासाच्या मेघदूताचे मराठी पद्य रूपांतर केले. यक्षाच्या विरहाची आणि रुपयाच्या किमतीची सारखीच निगा राखणारा माणूस विरळाच.

* * *

पाटी वाचण्याची वेळ १९५१ च्या नोव्हेंबरात आली. कोरियाच्या युद्धाने जगभर महागाई भडकली होती. रिझर्व्ह बँकेने दर तीनवरून साडेतीनावर नेला, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे बजावले, की ह्यापुढे हंगामाची नड भागवण्यासाठी तुमचे रोखे आम्ही सरसकट विकत घेणार नाही. ते तारण ठेवा, आणि बँक दराने कर्ज घ्या. वाढ केवळ अर्ध्या टक्क्याची. पण दारावर आता खरोखरचा द्वारपाल उभा राहिला.

पाठोपाठ १९५२ च्या जानेवारीत हुंडी-बाजाराची योजना आली. बँकांनी आपल्या कर्जदारांकडून मुदतीच्या वचनचिठ्ठ्या लिहून घ्याव्यात, त्या रिझर्व्ह बँकेकडे ठेवाव्यात, आणि बँक दराहून अर्धा टक्का कमी दराने कर्ज घ्यावे. योजना नामी होती. पण आरंभी ती दहा कोटी किंवा अधिक ठेवी असलेल्या बँकांपुरतीच होती. एका वेळचे कर्ज कमीत कमी २५ लाखांचे, आणि एकेक कागद कमीत कमी एक लाखाचा. एक लाखाचा कागद! तेव्हाच्या आमच्या तालुक्यात असा कागद लिहिणारे घर शोधावे लागले असते. ठोक दुकान उघडले, पण लहान दुकानदाराला आत येऊ देणारे नव्हते.

लहान बँकांची कथा तर ह्याहून करुण. १९६० साली केरळची पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या वऱ्हाडातली, अकोल्याची लक्ष्मी बँक, अशा दोन बँका एकाच वर्षात कोसळल्या. आता कुणी विचारील, बँकांची बँक होती ना? मग तिने कर्ज देऊन वाचवले का नाही? इथे बॅजटचे सूत्र आठवावे. ज्याची रोकड अडकली आहे त्याला कर्जाने वाचवता येते. ज्याचे भांडवलच बुडाले आहे त्याला कर्ज देणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे. हा निवाडा शास्त्राच्या दृष्टीने बरोबर असतो. पण ज्याने मुलीच्या लग्नासाठी त्या बँकेत पै-पै साठवली, त्याला शास्त्र काय कामाचे? म्हणून ह्या दोन बुडित बँकांनी देशाला एक धडा दिला. १ जानेवारी १९६२ पासून ठेवींचा विमा सुरू झाला. आरंभी तो प्रत्येक ठेवीदाराला, दर बँकेमागे, १,५०० रुपयांपर्यंत होता. २०२० च्या फेब्रुवारीत ती मर्यादा ५ लाखांवर गेली.

* * *

पण माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न ठेवीचा नव्हता, कर्जाचा होता. तर मग शेतकऱ्यासाठी मध्यवर्ती बँकेने काहीच केले नाही का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. रिझर्व्ह बँकेत शेतीकर्जाचे वेगळे खाते पहिल्या दिवसापासून होते. व्यापारी हुंडीची मुदत नव्वद दिवसांची. शेतीच्या कागदाला मूळ कायद्यानेच नऊ महिन्यांची मुदत दिलेली होती, कारण पीक काही नव्वद दिवसांत हाती येत नाही. १९५० नंतरच्या काळात सहकारी बँकांना रिझर्व्ह बँक हंगामी शेतीसाठी बँक दराहून दोन टक्के कमी दराने पैसा देई. बँक दर साडेतीन असताना शेतीचा पैसा दीड टक्क्याने निघे!

निघे खरा, पण तो पोचे कसा? रिझर्व्ह बँकेकडून राज्य सहकारी बँकेकडे, तिथून जिल्हा बँकेकडे, तिथून गावच्या सोसायटीकडे, आणि मग शेतकऱ्याकडे. प्रत्येक पायरीवर कचेरी, कारकून, आणि बुडिताची तरतूद. कालव्याच्या शेपटाकडच्या शेताला जसे उरलेसुरले पाणी मिळते तसे व्हायचे. दीड टक्क्याचा पैसा बांधापर्यंत येताना तिपटी-चौपटीने महाग होई, आणि कुठे त्याहूनही. बरे, तोही किती जणांना मिळे? १९५१-५२ मध्ये रिझर्व्ह बँकेनेच देशभरच्या ग्रामीण कर्जाची पाहणी करवली. गोरवाला समितीच्या त्या अहवालात, ज्या समितीत आपले धनंजयराव गाडगीळही होते, असे दिसून आले, की शेतकऱ्याच्या कर्जाच्या दर शंभर रुपयांपैकी सुमारे सत्तर रुपये सावकाराचे. सहकारी संस्थांचे तीन. आणि व्यापारी बँकांचा एक रुपयादेखील नाही. दिल्ली-मुंबईत पैशाचा भाव अर्ध्या टक्क्याने हलवून काय उपयोग, जर शंभरातल्या सत्तर रुपयांना त्या भावाचा वाराही लागत नसेल?

पुढे जे घडले ते बव्हंशी ह्याच आकड्यांचे फळ आहे. १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि तिला लहान गावांत शाखा काढण्याचे काम लावले गेले. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्याच वर्षी गाडगीळांच्या अभ्यासगटाने जिल्हा हा घटक धरून बँकांनी काम करावे असे सुचवले, आणि त्यातून अग्रणी बँकेची योजना निघाली. आमच्या जिल्ह्याला बँक ऑफ इंडिया मिळाली. १९८२ च्या जुलैत नाबार्ड स्थापन होऊन शेतीकर्जाचे ते जुने खाते तिच्याकडे गेले. बँका गावापर्यंत आल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. माझ्या आजोबांना बँकेची पायरी ठाऊक नव्हती. आज खेड्यातल्या म्हातारीच्या नावानेही खाते आहे.

बँक दराचे दिवसही पालटले. महागाईशी झुंजताना तो १९७४ साली नऊ टक्क्यांवर आणि १९९१ साली बारा टक्क्यांवर गेला. मग हुंडीची जागा सरकारी रोख्यांनी घेतली. २००० सालापासून जी पद्धत रुळली, तिला रेपो म्हणतात. नाव परके, व्यवहार ओळखीचा. ज्या बँकेला आज रोकड कमी पडते, ती आपले सरकारी रोखे रिझर्व्ह बँकेला विकते आणि त्याच वेळी लिहून देते, की उद्या हे मी थोड्या जास्त किमतीला परत घेईन. ती जास्तीची रक्कम म्हणजेच व्याज. थोडक्यात, एका रात्रीचे गहाण. २०१६ पासून हा दर सहा जणांची समिती ठरवते. करोनाच्या साथीत, २०२० च्या मे महिन्यात, तो चार टक्क्यांवर आला होता. महागाई वाढली तसा २०२३ च्या फेब्रुवारीपर्यंत साडेसहावर गेला. आणि २०२५ मध्ये उतरू लागला. २०१९ च्या ऑक्टोबरपासून बँकांनी घरांची नवी बदलत्या व्याजाची कर्जे अशा बाहेरच्या दराला बांधावीत असा नियम झाला. माझ्या मोबाइलवरच्या त्या संदेशाचे मूळ इथे आहे.

* * *

आता त्या मुलाचे उत्तर.

त्याच्या वडिलांना मी ओळखतो. पाच एकर कोरडवाहू. कापूस आणि त्यात तुरीच्या ओळी. बँकेचे पीककर्ज आहे. त्या कर्जाचा दर रेपोला बांधलेला नाही. तो सरकार ठरवते. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज सात टक्क्यांनी, वेळेवर फेडल्यास केंद्राच्या सवलतीने चार टक्क्यांनी, आणि आपल्या राज्यात डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाच्या योजनेमुळे शून्य टक्क्याने. म्हणजे कागदावर त्याचे व्याज माझ्याहून कमी. मग मुलगा तक्रार कसली करतो?

सगळी मेख ‘वेळेवर’ ह्या शब्दात आहे. मार्चअखेर जुने कर्ज पूर्ण भरावे, तेव्हा नवे मिळते. आमच्याकडे ह्याला ‘नवं-जुनं’ करणे म्हणतात. कापसाचे पैसे लग्नात, दवाखान्यात, दुकानाच्या उधारीत संपलेले असतात. मग मार्चमध्ये शेतकरी कुणाकडून तरी आठ दिवसांसाठी रक्कम उचलतो, बँकेत भरतो, नवे कर्ज हाती येताच ती परत करतो. त्या वर्षी ह्या गृहस्थांनी एक लाख रुपये उचलले होते. शेकडा तीन रुपये, आणि दिवस आठ असले तरी व्याज पुऱ्या महिन्याचे.

मी फळ्यावर गणित मांडले आणि मुलांकडूनच सोडवून घेतले. लाखाला शेकडा तीनने तीन हजार रुपये. त्याच मार्चमध्ये रेपो दर सव्वासहा होता. एखाद्या बँकेने रिझर्व्ह बँकेकडून त्या दराने एक लाख रुपये आठ दिवस वापरले असते, तर व्याज किती पडले असते? लाख गुणिले सव्वासहा, भागिले शंभर, गुणिले आठ, भागिले तीनशे पासष्ट. उत्तर आले १३७ रुपये.

वर्ग ह्या वेळी हसला नाही.

दोघांची नड एकच होती, हे मुलांना मी सांगितले. बँकेचेही घर भक्कम, ह्या शेतकऱ्याचेही. दोघांनाही केवळ चार-आठ दिवसांची रोकड कमी पडली. बँकेला वरचे दार होते, म्हणून १३७. ह्याला दार नव्हते, म्हणून तीन हजार. रेपो दर साडेपाच होवो की पाच, त्या तीन हजारांतला एक रुपयाही हलत नाही. कारण ते पैसे ह्या कालव्यातले नाहीतच.

तो मुलगा पुन्हा उठला. “मंग सर, आमच्यासाठी तसं आठ दिवसाचं दार काऊन नाही?”

मी म्हटले, “बाळ, मुंबईच्या बँकांनाही एके काळी नव्हते. १८६८ मध्ये त्यांच्यातली सर्वांत मोठी बुडाली, आणि दार उघडले १९३५ साली. सदुसष्ट वर्षे लागली. पण उघडले.”

त्याने मनाशी काही हिशेब केला आणि खाली बसता बसता म्हणाला, “तेवढे वर्ष थांबाले आमच्या बाबाले नाही जमत, सर.”

घंटा झाली. फळ्यावरचे ते दोन आकडे मी पुसले नाहीत. दुसऱ्या दिवशीपर्यंत तसेच राहू दिले. ह्या दिवाळीत माझ्या घरी दिवे लागतील, हप्त्यातून वाचलेल्या पैशांतून थोडी जास्त मिठाईही येईल. त्या घरीही दिवे लागतील. कापूस चांगला आहे, असे परवाच कळले. पण मार्च महिना माझ्या आता ध्यानात राहील. आजपर्यंत तो मला केवळ परीक्षेचा महिना वाटत होता.